बुरशी झटकली तरी विष तिथंच राहतं: धान्यातल्या मायकोटॉक्सिनबद्दल सोप्या भाषेत

मक्याचं असं एक कणीस डोळ्यासमोर आणा ज्याच्या टोकाला अळीने खाल्लंय आणि तिथल्या दहा-पंधरा दाण्यांवर पिवळट हिरवी भुकटी धरलीय. बोटाने पुसलं की भुकटी निघून येते, खाली दाणा दिसतो, जरा निस्तेज असतो, कधीकधी तर अगदी चांगलाच दिसतो. बहुतेक जण इथेच समाधान मानतात, पुसलं, झटकलं, उन्हात टाकलं, झालं स्वच्छ. मला नेमकं ह्याच जागी सगळ्यांचा हात धरायचाय, कारण पुसली गेली ती बुरशी, विष नाही. विष दाण्याच्या आत उतरलेलं असतं.

बुरशी आणि तिचं विष ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की बाकीचं सगळं आपोआप उलगडतं. बुरशी जिवंत असते, तिला पाणी लागतं, हवा लागते, उन्हाने किंवा उष्णतेने ती मरते. मायकोटॉक्सिन म्हणजे त्या बुरशीने बनवून ठेवलेलं केमिकल, त्याला जीवच नाही तर ते मरणार कसं? सगळ्यात घातक जे अफ्लाटॉक्सिन, ते नीट मोडायला साधारण 240 ते 300 डिग्रीच्या आसपास उष्णता लागते, आणि पाणी तर 100 डिग्रीला उकळतं. त्यामुळे कितीही वेळ शिजवा, बुरशी शंभर टक्के मरेल पण विषाचा बराचसा भाग तसाच राहील. भाजल्याने थोडं कमी होतं, चुन्याच्या निवळीत उकळल्यानेही कमी होतं, पण "कमी होतं" म्हणजे गेलं असं नाही. वास नाही, चव नाही, रंग नाही. म्हणून तर हे इतकं त्रासदायक आहे.

हे कळलं कसं तेही सांगण्यासारखं आहे. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये टर्की पक्षी पटापट मरायला लागले, काही महिन्यांत लाखाच्या वर गेले, कारण कोणालाच कळेना म्हणून त्या रोगाला नुसतं "टर्की एक्स" असं नाव पडलं. सुरुवातीला वाटलं व्हायरस असेल. मग शोधत शोधत गाडी खाद्यावर आली, खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड होती आणि त्या पेंडीत अस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढून गेली होती. अस्परजिलसचा "अ", फ्लेव्हसचा "फ्ला" आणि पुढे टॉक्सिन, असं ते अफ्लाटॉक्सिन. त्याचे बी आणि जी असे प्रकार म्हणतात ना, ते अतिनील दिव्याखाली कोणता निळा चमकतो आणि कोणता हिरवा, इंग्रजीतल्या ब्लू-ग्रीनवरून, इतकं साधं. त्यातला बी-1 सगळ्यात वाईट. तेव्हा सापडलं शेंगदाण्यात, पण हीच बुरशी मक्यावर सगळ्यात जास्त माजते, आणि ज्वारी, तांदूळ वगैरेवरही येते.

बाकीच्यांची ओळख पटकन करून देतो. गव्हाच्या ओंबीवर, बार्लीवर आणि मक्यावर फ्युजारियम नावाची बुरशी येते, दाणा सुकटलेला, खडूसारखा पांढुरका किंवा गुलाबी पडतो, आणि ती डीऑक्सिनिवॅलेनॉल नावाचं विष तयार करते, थोडक्यात त्याला डॉन म्हणतात, ह्याने माणसाला उलट्या होतात आणि डुकरं तर असं खाद्य तोंडात घ्यायलाच तयार होत नाहीत. फ्युजारियमच्याच घराण्यातलं झिअरालेनोन, ते शरीरात स्त्री-हार्मोनसारखं वागतं आणि जनावरांचं गाभण राहणं बिघडवतं. मक्यातलं फ्युमोनिसिन 1988 मध्ये दक्षिण आफ्रिकेत ओळखलं गेलं, ते खाल्लेल्या घोड्यांचा मेंदू अक्षरशः विरघळल्यासारखा होतो. ऑक्राटॉक्सिन मूत्रपिंडावर जातं. आणि अरगट, जे ह्या सगळ्यात जुनं दुखणं आहे, त्यात कणसात दाण्याच्या जागी काळपट कडक गाठ तयार होते. मध्ययुगातल्या युरोपात राय नावाच्या धान्यातून हे पोटात जायचं आणि लोकांच्या हातापायांची आग व्हायची, बोटं काळी पडून गळायची, त्याला तेव्हा "सेंट अँथनीचा अग्नी" म्हणायचे. बाजरीवरही अरगट येतो. त्यातल्या त्यात बरं एवढंच की अरगट डोळ्यांना दिसतो आणि हलका असतो, म्हणून 10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ विरघळवून त्यात बाजरी टाकली की अरगटाच्या गाठी वर तरंगतात आणि चांगला दाणा तळाला बसतो, वरचं काढून टाकायचं आणि खालचे दाणे साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवून वाळवायचे. अफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत इतकं सोपं काही नाही, म्हणून इथून पुढे मी जास्त त्याच्याबद्दलच बोलणार आहे.

शरीरात काय होतं? थोड्या दिवसांत खूप गेलं तर लिव्हर सरळ बंद पडायला लागतं. 1974 मध्ये राजस्थानच्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल भागात असं घडलं, अवेळी पावसात भिजलेला मका लोकांनी खाल्ला, कारण दुसरं खायला नव्हतंच, कावीळ झाली, पोटात पाणी भरलं, सुमारे 400 माणसं आजारी पडली आणि त्यातली शंभराच्या वर दगावली. त्याच घरांमधली तोच मका खाणारी कुत्रीही तशीच मेली. पुन्हा 2004 मध्ये पूर्व केनियात जवळजवळ हेच झालं, ओला मका घरात साठवलेला, 317 जण आजारी, 125 मृत्यू. मधल्या तीस वर्षांत विज्ञान कुठल्या कुठे गेलं आणि माणसं तशाच मक्याने मेली, हे वाचताना मला दरवेळी आतून हलायला होतं, कारण दोन्हीकडे कमी पडली ती फक्त कोरडी जागा आणि खायला दुसरं धान्य.

पण अशा घटना निदान दिसतात तरी. खरी मोठी हानी थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेल्याने होते आणि ती कोणाला दिसत नाही. अफ्लाटॉक्सिन लिव्हरमध्ये गेलं की लिव्हर त्याला बाहेर काढायच्या नादात त्याचं रूप बदलतं, म्हणजे पाण्यात विरघळेल असं काहीतरी करू बघतं, आणि गंमत नाही, दुर्दैव आहे, ह्याच मधल्या पायरीवर ते मूळ विषापेक्षाही जास्त खतरनाक होऊन डीएनएला चिकटून बसतं. आपल्या पेशींमध्ये पी-53 नावाचं एक जीन असतं, पेशी बेलगाम वाढायला लागली तर तिला रोखायचं त्याचं काम, आणि अफ्लाटॉक्सिन बरोबर त्या जीनमधल्या एका ठराविक जागी चूक करून ठेवतं. पुढे कधीतरी लिव्हरचा कॅन्सर. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था अफ्लाटॉक्सिनला पहिल्या गटात ठेवते, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींमध्ये. आणि ज्याला हेपटायटिस बी आहे त्याला हा धोका कितीतरी पटींनी वाढतो, दोन्ही एकत्र आले की बेरीज होत नाही, गुणाकार होतो. म्हणून हेपटायटिस बी ची लस हीसुद्धा एका अर्थाने अफ्लाटॉक्सिनविरुद्धचीच लस आहे असं मी म्हणेन. चीनमध्ये चिदोंग नावाचा भाग आहे, तिथे लिव्हरच्या कॅन्सरचं प्रमाण फार होतं, लोक मक्यावरून तांदळावर आले आणि पुढच्या काळात हे मृत्यू खूप घटले. पश्चिम आफ्रिकेत ज्या लहान मुलांच्या रक्तात अफ्लाटॉक्सिनच्या खुणा जास्त सापडल्या त्यांची उंची वजन कमी असल्याचंही दिसून आलंय.

आता बुरशी येते कधी? लोकांना वाटतं हे फक्त कोठारातलं प्रकरण आहे, पण सुरुवात बऱ्याचदा उभ्या पिकातच झालेली असते. ह्या बुरशीचे बीजाणू मातीत, पालापाचोळ्यात, हवेत सगळीकडे असतातच, त्यांना संपवता येत नाही. मका फुलोऱ्यात आणि दाणे भरताना पाण्याचा ताण पडला आणि वर कडक ऊन असलं की झाड कमजोर होतं, आणि अस्परजिलसला तर उष्णताच आवडते, 30-35 डिग्रीला ती मजेत वाढते. मक्याच्या केसरांवरून ती आत उतरते. आणि अळीने दाण्याला भोक पाडलं असेल तर दारच उघडं, दाण्याचं वरचं टरफल ही त्याची ढाल असते आणि ती एकदा फुटली की आतलं पीठ बुरशीला मोकळं. म्हणून अळीचा बंदोबस्त हा फक्त उत्पन्नाचा प्रश्न नाही, विषाचा पण आहे. बीटी मक्यात, म्हणजे अळीला मारणारं जीन घातलेल्या मक्यात, फ्युमोनिसिन कमी सापडतं ते ह्याच कारणाने, अळी कमी म्हणून भोकं कमी. गव्हाच्या फ्युजारियमचं उलट आहे, तिला फुलोऱ्यात पाऊस आणि ओलावा लागतो, आणि आधीचं पीक मका असेल, त्याचे धसकटं तसेच जमिनीवर पडलेले असतील तर गव्हाला जास्त त्रास होतो, म्हणून पीक बदलायचं. गव्हाला फुलोऱ्याच्या त्या चार दिवसांत ट्रायझोल गटातलं बुरशीनाशक मारून बराच फरक पडतो, पण स्ट्रोबिल्युरिन गटातली काही औषधं मारल्यावर डॉन उलट वाढलेलं दिसलंय, तेव्हा "बुरशीनाशक" एवढंच लेबल बघून फवारणी करू नका.

पण माझं मत विचाराल तर सगळी लढाई कापणीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत हरली किंवा जिंकली जाते. कापणी केल्यावर मक्यात 20-25 टक्के ओल असू शकते आणि साठवायला ती 13 टक्क्यांच्या आसपास यायला हवी. 13 च का, तर पोत्यातल्या दाण्यांच्या मधे जी हवा असते ना, तिची आर्द्रता दाण्यातल्या ओलीवर ठरते. दाण्यात 13 टक्के ओल असली की त्या हवेची आर्द्रता साधारण 65 टक्के राहते आणि 70 च्या खाली बुरशीचं काही चालत नाही. ओल दोन-तीन टक्क्यांनी वाढली तर काय होतं बघा. आधी अफ्लाटॉक्सिनवाली बुरशी येतच नाही, तिला 80 च्या वर आर्द्रता लागते. आधी येतात कमी ओलीवर भागवणाऱ्या दुसऱ्या साध्या बुरश्या, त्या स्वतः फारसं विष करत नाहीत पण श्वास घेतात, आणि श्वास घेतला की पिठातली साखर जळून त्यातून पाणी आणि उष्णता बाहेर पडते, जसं आपल्या उच्छ्वासात वाफ असते तसं. म्हणजे त्या स्वतःच तिथली ओल वाढवतात. मग तिथे अस्परजिलस फ्लेव्हस येते. पोत्याच्या ढिगात हात घातल्यावर मधेच एक जागा गरम लागते, दाणे एकमेकांना चिकटून ढेकूळ झालेलं असतं, ते हेच, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. किडे पण हेच करतात, सोंडे, पतंग, सगळे श्वास घेतात आणि सगळे पाणी सोडतात.

वाळलं की नाही हे दाताने दाणा फोडून किंवा हातात घेऊन आवाजावरून बघायची सवय बऱ्याच जणांना असते, अनुभवी माणसाला त्यातून अंदाज येतो हे खरं, पण 13 आणि 16 मधला फरक दाताला कळत नाही. मॉइश्चर मीटर असेल तर उत्तम. नसेल तर एक सोपी टेस्ट आहे. झाकणाची काचेची बाटली घ्या, आतून पूर्ण कोरडी, तिचा एक तृतीयांश भाग दाण्यांनी भरा, त्यात दोन-तीन चमचे मीठ टाका, मीठसुद्धा कोरडं हवं, ओलसर असेल तर तव्यावर गरम करून गार करून घ्या. झाकण लावून मिनिटभर जोरात हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवून द्या. मीठ काचेला आतून चिकटून बसलं तर ओल 15 टक्क्यांच्या वर आहे, अजून वाळवा. मीठ खाली गळून पडलं, काच स्वच्छ दिसली तर 15 च्या खाली. लक्षात घ्या, 15 च्या खाली म्हणजे 13 झालं असं नाही, महिनोन्महिने ठेवायचं असेल तर ह्यानंतरही एक-दोन कडक उन्हं द्यायची.

आणि वाळवायचं ते थेट मातीवर नाही, कारण बीजाणू मातीतच आहेत आणि खालून ओलही चढते. ताडपत्री, सिमेंटचा ओटा, काहीही चालेल पण मधे काहीतरी पाहिजे. थर पातळ, दिवसातून चार-पाचदा हलवायचं, संध्याकाळी झाकायचं कारण रात्रीचं दव सगळी मेहनत परत ओली करतं. वाळल्यावर गार होऊ द्यायचं आणि मगच भरायचं, गरम दाणे पोत्यात कोंबले तर आतल्या वाफेचं पाणी होतं. पोती भिंतीला चिकटवायची नाहीत, जमिनीवर टेकवायची नाहीत, खाली फळ्या. हवाबंद पिशव्या मिळतात दोन-तीन थरांच्या, त्या खरंच कामाच्या आहेत, आतले किडे असलेला ऑक्सिजन वापरून टाकतात आणि मग स्वतःच गुदमरून मरतात, औषध लागत नाही. फक्त ओलं धान्य त्यात कधीच भरू नका, हवाबंद पिशवी धान्य वाळवत नाही, आहे तसं टिकवते.

आता तपासणीबद्दल, कारण "लॅबमध्ये एकदा टेस्ट केली, रिपोर्ट चांगला आला" ह्यावर लोक फार विसंबतात. धान्यातल्या विषाची मर्यादा मोजतात पीपीबीत, म्हणजे अब्जात एक भाग, एका किलोत एक मायक्रोग्रॅम (ग्रॅमचा दहा लाखावा भाग). भारतात तृणधान्यांना अफ्लाटॉक्सिनची मर्यादा 15 पीपीबी आहे, अमेरिकेत 20, युरोपात बहुतेक धान्यांना 4. 20 पीपीबी म्हणजे एका टनात 20 मिलिग्रॅम, चिमूटभरसुद्धा नाही. आणि हे विष धान्यात सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाणे अगदी स्वच्छ असतात आणि मधेच एक दाणा गच्च भरलेला, मक्याच्या एकेका दाण्यात 4 लाख पीपीबीपर्यंत सापडलंय. हिशोब करून बघा, मक्याचा दाणा साधारण 0.3 ग्रॅमचा, म्हणजे अशा एका दाण्यात 120 मायक्रोग्रॅम विष. तो एक दाणा 10 किलो मक्यात, म्हणजे तीसेक हजार दाण्यांत मिसळला आणि दळला तर अख्ख्या 10 किलोत 12 पीपीबी येईल. एका दाण्याने! तो दाणा तुमच्या मूठभर सॅम्पलमध्ये आला तर रिपोर्ट भयंकर, नाही आला तर शून्य, आणि धान्य तेच. म्हणून सॅम्पल वरच्या एका पोत्यातून मूठभर घ्यायचं नसतं, सगळ्या पोत्यांमधून, वरून मधून खालून थोडं थोडं, मिळून काही किलो, ते सगळं बारीक दळून, एकजीव करून मग त्यातलं तपासायचं. तपासणीत जी चूक होते तिचा बराचसा भाग मशीनचा नसतो, सॅम्पलचाच असतो.

ह्याच गोष्टीची दुसरी बाजू मात्र चांगली आहे. विष थोड्या दाण्यांत साठलेलं असतं म्हणजे ते थोडे दाणे काढले तर बरंच विष निघून जातं. फुटलेले, किडलेले, सुकटलेले, रंग बदललेले, वजनाला हलके दाणे, बहुतेक विष ह्यांच्यातच असतं. म्हणून पाखडणं, उफणणं, चाळणं, निवडणं ही कामं वेळखाऊ वाटली तरी टाळू नका. मोठ्या गिरण्यांमध्ये कॅमेरे लावलेली सॉर्टिंग मशीनं असतात, ती एकेक दाणा रंगावरून उडवतात, तत्त्व तेच. गव्हाला हार्वेस्टरचा पंखा थोडा वाढवला तरी फ्युजारियमचे हलके दाणे मागे उडून जातात. फक्त नुसतं चांगलं दिसण्यावर पूर्ण भरवसा नको, कारण चांगल्या दिसणाऱ्या दाण्यातही थोडं असू शकतं.

मला ह्या सगळ्यात सगळ्यात हुशारीचा वाटणारा उपाय मात्र शेतातला आहे. अस्परजिलस फ्लेव्हसच्या सगळ्याच जाती विष करत नाहीत, निसर्गात काही जाती अशा आहेत की ज्यांच्यातले विष बनवायचे जीन तुटलेले किंवा गळालेले असतात. बाकी सगळं तसंच, जगणं, वाढणं, खाणं. शास्त्रज्ञांनी ह्याच बिनविषारी जाती शोधून काढल्या, त्या उष्णता देऊन मारलेल्या, म्हणजे उगवणार नाहीत अशा ज्वारीच्या दाण्यांवर लावल्या आणि ते दाणे पीक फुलोऱ्यात यायच्या दोन-तीन आठवडे आधी शेतात फेकले, हेक्टरी साधारण 10 किलो. जमिनीत ओल असली की त्या दाण्यांवर बुरशी फुलते, हिचे बीजाणू सगळीकडे पसरतात आणि विषारी जातीला जागाच उरत नाही, बसमध्ये आधीच सगळ्या सीटवर माणसं बसलेली असावीत तसं. अमेरिकेत ॲरिझोनात कापसावर हे आधी केलं गेलं, मग नायजेरियातल्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेने आफ्रिकेतल्याच स्थानिक जाती वापरून "अफ्लासेफ" नावाने आणलं, आणि शेतात 80 टक्क्यांहून जास्त घट मिळते. वर ती चांगली बुरशी दाण्याबरोबर कोठारातही येते आणि तिथेही राखण करते. अर्थात वाळवणं ह्याने सुटत नाही.

शेवटचा प्रश्न, निवडून काढलेल्या त्या खराब दाण्यांचं करायचं काय. इथे सगळे एकच करतात, जनावरांना घालतात, आपण नाही खात तर निदान वाया तरी जाणार नाही म्हणून. टर्कींचं काय झालं ते वर सांगितलंच, बदकंही अशीच नाजूक असतात आणि कोंबड्यांच्या पिल्लांनाही ते बाधतं. गाय म्हैस वरून धडधाकट दिसते, रवंथ करणाऱ्या जनावरांना ते त्यातल्या त्यात सोसतं, पण तिने खाल्लेल्या बी-1 मधला काही टक्के भाग तिच्या लिव्हरमधून एम-1 नावाने बाहेर पडतो आणि तो दुधात उतरतो, एक दिवसाच्या आत. दूध तापवून तो जात नाही, दह्यात, चीजमध्येही राहतो. आणि दूध सगळ्यात जास्त कोण पितं, तर घरातलं लहान मूल. चांगलं खाद्य सुरू केल्यावर तीन-चार दिवसांत दूध पुन्हा साफ व्हायला लागतं, पण तोपर्यंतचं पोटात गेलेलं असतं. म्हणून ते दाणे ना गोठ्यात, ना खुराड्यात, ना पुन्हा विक्रीच्या पोत्यात, आणि कोठाराजवळ ढीग करूनही ठेवायचे नाहीत, लांब नेऊन जाळायचे किंवा खोल खड्ड्यात पुरायचे, आणि निवडताना नाका-तोंडाला कापड बांधायचं कारण ती भुकटी श्वासातून पण आत जाते.